दराआधी पंचनामा

ताई, नमस्कार.

आम्ही धानपट्ट्यातले शेतकरी. वडील आणि काका यांच्या नावावर सामाईक चार एकर धानाची बांधी आहे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. वारस नोंद अजून केलेली नाही. पाटबंधाऱ्याच्या साठवण तलावासाठी आणि त्याच्या कालव्यासाठी त्यातली पावणेतीन एकर जाणार, अशी भूसंपादन कायद्याच्या कलम ११ ची अधिसूचना वीस दिवसांपूर्वी ग्रामपंचायतीत लागली. उरते ती सव्वा एकर कालव्याच्या पलीकडे, तिकोनी, आणि तिथं जायला वाट नाही. येत्या पंधरवड्यात संयुक्त मोजणी आहे.

साहेब लोक म्हणतात, संमती द्या, जास्त मिळेल आणि लवकर मिळेल. एक जण घरी येऊन सांगून गेला की दहा टक्के माझे, दर मी वाढवून आणतो. काका म्हणतात, पैशाला हातच लावायचा नाही, घेतले की विषय संपला. गोसीखुर्द धरणवाल्यांचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. मला दोन बहिणी. थोरली विधवा आहे, आमच्याकडेच राहते. धाकटा भाऊ म्हणतो, बहिणींकडून आधीच हक्कसोड लिहून घेऊ म्हणजे कटकट नको.

आणखी एक. तलावात गावाचं जंगल जातं आहे. त्यावर आमच्या ग्रामसभेचा सामूहिक वनहक्क मंजूर आहे. तेंदू, मोह आम्हीच गोळा करतो, आम्हीच विकतो. गावचा मामा (माजी मालगुजारी) तलावही बुडणार. त्याच्या मासोळीवर ढिवरांची वीस-बावीस घरं चालतात. साहेब म्हणाले, जंगल सरकारचं, तलाव सरकारचा, त्याचे पैसे तुम्हाला कसे? आम्ही अनुसूचित जमातीतले नाही, गाव पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रात नाही. काय करावं? आणि दर किती मिळेल?

– एक धान उत्पादक

भाऊ,

दर किती, हे तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंत. बरं केलंत. माझ्याकडे येणारे बहुतेक जण तोच प्रश्न पहिला विचारतात आणि मोजणी होऊन सहा महिने झाल्यावर विचारतात. तुमच्या हातात अजून पंधरा दिवस आहेत. या पंधरा दिवसांची किंमत पुढच्या दहा वर्षांच्या कोर्टकचेरीपेक्षा जास्त आहे, आणि हे मी वकील असून सांगते आहे.

वकिलीच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट सांगते. एका बाईंच्या शेतात विहीर होती, जुनी, दगडी बांधकामाची. मोजणी मे महिन्यात झाली. विहिरीला पाणी नव्हतं, तोंडावर घाणेरीचं झुडूप माजलेलं. पंचनामा लिहिणाऱ्याने लिहिलं, ‘खड्डा (कोरडा) – १’. बाई त्या दिवशी शेतात नव्हत्या. दीर होता, त्याने न वाचता सही केली. पुढे निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशात, खड्ड्याची किंमत शून्य. ती विहीर होती हे सिद्ध करायला आम्हाला जुना सातबारा, वीज जोडणीचं बिल, शेजाऱ्यांच्या साक्षी, एवढं सगळं लागलं आणि वर्षं गेली ती वेगळीच. तोवर तिच्यावर रस्ता झाला होता. कोर्ट तरी काय बघायला जाणार?

म्हणून आधी मोजणीचा दिवस. भूसंपादनात तुमच्या जमिनीवर काय काय आहे याची जी यादी त्या दिवशी होते, तिच्यावरच पुढचं सगळं गणित उभं राहतं. आणि गणित कसं चालतं ते कळलं की यादीचं महत्त्व आपोआप कळेल. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यात आधी जमिनीचा बाजारभाव काढतात. ग्रामीण भागात त्याला १ ते २ यामधल्या गुणांकाने गुणतात; तो गुणांक राज्य सरकार अधिसूचनेने ठरवतं आणि तो प्रकल्पाच्या प्रकाराप्रमाणे बदलू शकतो, तेव्हा तुमच्या प्रकरणात कोणता लावणार हे लेखी विचारून घ्या. त्यात विहीर, झाडं, घर, पाइपलाइन यांची किंमत मिळवतात. आणि जी बेरीज येते तिच्याएवढीच, म्हणजे शंभर टक्के, दिलासा रक्कम वर देतात.

आता नुसतं उदाहरण म्हणून धरा, तुमचा हा दर आहे असं समजू नका. बाजारभाव एकरी ६ लाख निघाला. पावणेतीन एकरांचे साडेसोळा लाख. गुणांक २ असेल तर ३३ लाख. विहीर, झाडं, पाइप मिळून ३ लाख. झाले ३६. दिलासा रक्कम आणखी ३६. एकूण ७२ लाख. शिवाय बाजारभावावर दरसाल १२ टक्के, सामाजिक परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत, जे आधी होईल तोवर. (महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने काही प्रकारच्या प्रकल्पांना या मूल्यांकनातून सूट देण्याची सोय करून ठेवली आहे. तुमच्या अधिसूचनेत तसं वाक्य आहे का ते बघा. असेल तर ही १२ टक्क्यांची तारीख कुठून धरणार, हेही लेखी विचारा.)

या हिशेबात एक गोष्ट बघा. ३ लाखांची विहीर-झाडं यादीत आली नाहीत तर तुमचे ३ लाख जात नाहीत, ६ जातात. कारण त्यांच्यावरची दिलासा रक्कमही जाते. मोहाचं एक मोठं झाड ‘इतर झाडे’ या रकान्यात गेलं की त्याचं वय, घेर, उत्पन्न सगळं पुसलं गेलं.

तेव्हा मोजणीच्या आधी एक दिवस तुम्ही स्वतः शेत फिरा. झाड न् झाड मोजा, नाव लिहा, दोरीने घेर मोजा. विहिरीची खोली, व्यास, बांधकाम कुठवर आहे ते टेप लावून घ्या. मोटर, स्टार्टरची पेटी, गडगा, गोठा, बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं, असेल तर तीही. प्रत्येकाचा फोटो, आणि फोटोत ओळखीचं काहीतरी येऊ द्या, शेजाऱ्याचा धुरा, विजेचा खांब, काहीही. ई-पीक पाहणीत विहीर आणि झाडं चढवायची राहिली असतील तर आजच चढवा. मग ही यादी दोन प्रतींत करून मोजणीच्या दिवशी अधिकाऱ्याच्या हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर त्याच दिवशी भूसंपादन कार्यालयाच्या आवक टेबलावर द्या, शिक्का मारून आणा. पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही नाही. चूक असेल तर सही करायला नकार देण्यापेक्षा सहीच्या वर लिहा, ‘विहीर खड्डा म्हणून नोंदली आहे, ते मान्य नाही’, आणि मग सही. नकार दिलात तर कागदावर एवढंच उरतं की शेतकरी गैरहजर होता.

तिकोनी सव्वा एकराचंही त्याच कागदात लिहा. जमिनीचा भाग घेतल्याने उरलेल्या भागाचं जे नुकसान होतं, ते कलम २८ प्रमाणे मोबदल्यात धरावं लागतं. पलीकडे जायला पूल किंवा वाट देणार का, पाणी कुठून येणार, हे विचारा. आणि देत नसाल तर हा तुकडाही घ्या, अशी लेखी मागणी करा. साहेब हसतील. हसू द्या, अर्ज आवक झाला पाहिजे.

आता बाजारभाव. कायद्यात कलम २६ आहे. रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारी दरतक्त्यातला, दर आणि जवळपासच्या तशाच जमिनींच्या विक्रीची सरासरी (खासगी प्रकल्प असेल तर संमतीने ठरलेली रक्कमही), यातलं जे जास्त ते धरायचं. ही सरासरी मागच्या तीन वर्षांच्या सगळ्या खरेदीखतांची नसते. त्यातली जास्त किमतीची निम्मी खतं घेऊन काढायची असते. ही बारकाई कार्यालयात कुणी आपणहून सांगत नाही. दुय्यम निबंधकाकडून तुमच्या आणि लगतच्या गावांच्या तीन वर्षांच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खतांचे उतारे, काढून आणा. ओलिताची धान जमीन आणि कोरडवाहू पड जमीन एका मापात मोजली जात असेल तर तिथेच हरकत घ्या. एक कडू सत्य मात्र ऐका. मुद्रांक शुल्क वाचवायला आपल्याकडे खतावर निम्मी किंमत लिहायची आणि उरलेली रोखीत द्यायची रीत आहे. ती रीत ज्या गावात जोरात चालली, त्या गावात सरासरीही निम्मीच निघते. त्याला कायदा काही करू शकत नाही.

हरकतींना अधिसूचनेपासून ६० दिवस असतात. तुमचे वीस गेले आहेत.

वारस नोंद. अधिसूचनेनंतर खरेदी-विक्री, वाटणी, बक्षीसपत्र असले व्यवहार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय करता येत नाहीत. वारस लागणं हा व्यवहार नाही, त्यामुळे ती वाट मोकळी आहे. उलट कलम ११ च्याच पोटकलमात जिल्हाधिकाऱ्यांवर जबाबदारी टाकली आहे की अधिसूचनेनंतर दोन महिन्यांत जमिनीचे अभिलेख अद्ययावत करावेत. पटवाऱ्याकडे अर्ज देताना या तरतुदीचा उल्लेख करा. ‘नंतर बघू’ हे उत्तर मग तितकं सहज येत नाही.

आणि बहिणी. धाकट्या भावाला माझं नाव सांगून सांगा की हक्कसोडपत्राचा विचार सोडून दे. तुम्हाला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे असं धरते. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हक्कदार, आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. म्हणजे बहिणींचा हिस्सा तुम्ही देणार नाही आहात, तो त्यांचाच आहे. आज दबावाखाली लिहून घ्याल, उद्या एखादी जावयाच्या सांगण्यावरून हरकत घेईल, आणि वाटपाचा वाद उभा राहिला की रक्कम भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होऊन पडते. दोन लाखांच्या हावेपायी सत्तर लाख अडकलेली घरं मी मोजलेली नाहीत, पण दोन्ही हातांच्या बोटांवर मावणार नाहीत.

थोरल्या बहिणीकडे मात्र वेगळं लक्ष द्या. या कायद्यात विधवा, घटस्फोटिता आणि परित्यक्ता यांना स्वतंत्र कुटुंब धरलं आहे. सज्ञान मुलगा किंवा मुलगीसुद्धा स्वतंत्र कुटुंब. पुनर्वसनाचे लाभ कुटुंबागणिक आहेत: नोकरी, नाहीतर एकरकमी ५ लाख, नाहीतर वीस वर्षं महिना किमान २,००० रुपये, यातून एक निवडायचं, शिवाय विस्थापित होणाऱ्यांना वर्षभर महिना ३,००० निर्वाह भत्ता, सामान हलवायला ५० हजार, आणि प्रत्येक बाधित कुटुंबाला पुनर्वसन भत्ता ५० हजार. घर जात नसेल तर विस्थापितांचे भत्ते तुम्हाला लागू होणार नाहीत, पण पाच लाखांचा पर्याय घरावर अवलंबून नाही. नोकरीच्या पर्यायावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. पाटबंधाऱ्याच्या तलावावर नोकऱ्या किती निघणार? बाधित कुटुंबांच्या यादीत बहिणीचं नाव स्वतंत्र ओळीवर आहे का, एवढं बघा. सिंचन प्रकल्पात जमिनीच्या बदल्यात लाभक्षेत्रात जमीन द्यायचीही तरतूद आहे. फक्त तिच्यात ‘शक्य तेथवर’ असे दोन शब्द आहेत, आणि त्या दोन शब्दांनी किती एकर गिळली असतील कुणास ठाऊक. ती मिळाली तर तेवढा रोख मोबदला मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

काकांचं म्हणणं चूक नाही, जुनं आहे. गोसीखुर्द धरणाचा पाया १९८८ साली रचला गेला. तेव्हा १८९४ चा इंग्रजांचा कायदा होता, दिलासा रक्कम ३० टक्के. पुनर्वसन हा त्या कायद्याचा विषयच नव्हता. ज्यांनी त्या काळी सह्या केल्या, ते पुढे कित्येक वर्षं मोर्चे आणि उपोषणं करत राहिले. त्या आठवणीतून ‘पैशाला हात लावायचा नाही’ हे येतं. पण आज पैसे नाकारून काही साधत नाही. तुम्ही नाकारलेत तर ते प्राधिकरणाकडे जमा होतील आणि ताबा घ्यायला सरकार मोकळं. काकांना हवं ते दुसऱ्या मार्गाने मिळतं: पैसे घ्या, पण निषेध नोंदवून घ्या. कलम ७७ सांगतं की निषेध न नोंदवता रक्कम घेतली, तर वाढीव मोबदल्यासाठी दाद मागता येत नाही. वाक्य साधं आहे, ‘ही रक्कम अपुरी असून वाढीव मोबदल्याचा हक्क राखून निषेधासह स्वीकारत आहे.’ हल्ली रक्कम थेट खात्यात येते, सही करायला व्हाउचर समोर नसतं. म्हणून हे वाक्य असलेलं पत्र रक्कम जमा होण्याआधी कार्यालयात देऊन ठेवा. काका, तुम्ही, बहिणी, प्रत्येकाचं वेगळं.

मग निवाडा. तो जाहीर होताना तुम्ही हजर असाल तर कलम ६४ खालचा वाढीव मोबदल्याचा अर्ज सहा आठवड्यांत. सहा आठवडे, सहा महिने नव्हे. सहा महिन्यांची मुदत आहे, पण ती वेगळ्या परिस्थितीत, आणि तिच्या भरवशावर राहिलेले बरेच जण बाहेर बसलेत. ज्यांचा अर्ज राहिला त्यांच्यासाठी कलम ७३ आहे. त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या कुणाला प्राधिकरणाने वाढ दिली, तर त्या निकालापासून तीन महिन्यांत तसाच दर मागता येतो. गावात एकानेही नीट लढवलं तर बाकीच्यांना फायदा होतो तो असा. त्या एकाचा खर्च गावाने वाटून घ्यावा, असं मला वाटतं. पण ते कुठे घडताना दिसत नाही.

संमतीबद्दल मी सरसकट नको म्हणणार नाही. थेट खरेदीत राज्य सरकार २५ टक्के जादा देतं. समृद्धी महामार्गाच्या वेळी ‘पाचपट’ म्हणत होते ते हेच: चारपटीवर पंचवीस टक्के. कुणाच्या मुलीचं लग्न आहे, कुणाच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याने ते घेतलं तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. फक्त संमतीने दिलं की दरावर पुन्हा भांडायचा रस्ता जवळपास बंद होतो. तेव्हा आधी तुमचा इंडेक्स टूचा हिशेब करा. मूळ दरच निम्मा धरला असेल तर त्यावरचे २५ टक्के काय कामाचे? आणि यादीत काय काय धरलंय ते बघितल्याशिवाय संमतीपत्रावर सही करूच नका. कोरी ताबापावती तर अजिबात नाही. पूर्ण रक्कम दिल्याशिवाय ताबा घेता येत नाही, कलम ३८.

दहा टक्केवाल्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. दर वाढवायचा अधिकार त्याला नाही, ज्याला आहे तो त्याच्या शब्दावर वाढवत नाही. तो कुलमुखत्यारपत्र मागेल, कोरा चेक मागेल. तुमचं पासबुक आणि आधारची प्रतसुद्धा त्याच्या हाती जाऊ देऊ नका.

आता जंगल आणि तलाव. इथे मला साहेबांचा राग आला, कारण ते जे बोलले ते अर्धंच खरं आहे. जमीन सरकारच्या नावावर असेल, पण २०१३ च्या कायद्यात ‘जमीनमालक’ या शब्दाच्या व्याख्येतच वनहक्क कायद्याखाली हक्क मिळालेले लोक धरले आहेत. आणि ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही असे लोक येतात: तीन वर्षं त्या जमिनीवर राबणारे शेतमजूर, कसणारी कुळं, कारागीर, आणि ज्यांची उपजीविका संपादनाआधीची तीन वर्षं मुख्यतः जंगलावर किंवा पाण्यावर होती ते, म्हणजे वनोपज गोळा करणारे आणि मासेमार, अगदी नावाने. तुमच्या ढिवरांची वीस-बावीस घरं तिथं बसतात. त्यांना नोटीस आली नाही कारण सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही. त्यांनी कलम २१ च्या नोटिशीची वाट न बघता आताच दावे टाकावेत. सोबत मच्छीमार संस्थेची सभासद पावती, तलावाच्या ठेक्याचे कागद, मासळी विकल्याच्या नोंदी.

पूर्व विदर्भात तुमच्याकडे आणखी एक कागद आहे जो उरलेल्या महाराष्ट्राला ऐकूनही माहीत नसतो. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पण कोणत्या तलावाचं पाणी कुणाच्या बांधीला, वाट कुठून, मासे कुणी धरायचे, गुरं कुठं चारायची, सरपण कुठून आणायचं, हे रिवाज या कागदांत नोंदलेले असतात, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये त्यांना आजही जागा आहे. तहसीलच्या अभिलेखागारातून नक्कल काढा. कागद पिवळा पडलेला असेल, अक्षर मोडी वळणाचं किंवा हिंदीत असेल. कुणी जाणता माणूस शोधा. तुमच्या ओलिताचा पुरावाही कदाचित त्याच कागदात सापडेल.

जंगलासाठी ग्रामसभा बोलवा. ग्रामपंचायतीची नव्हे, वनहक्क कायद्याची, तुमच्या गावाची. निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. इतिवृत्त तिथल्या तिथे लिहा, वाचून दाखवा, सह्या-अंगठे घ्या. कारण गावाने न केलेले ठराव पुढे फायलीत निघतात, असं आजवर बऱ्याच गावांनी सांगितलं आहे. वनहक्क वारसाने जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. सरपंचाने एकट्याने दिलेली संमती ही गावाची संमती नव्हे.

कालवा आणि तलाव या दोन गोष्टी वेगळ्या धरून बोला, हे नीट लक्षात ठेवा. वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवायला ग्रामसभेची संमती हवी, असं केंद्राने २००९ मध्ये सांगितलं. पुढे ५ फेब्रुवारी २०१३ च्या पत्राने रस्ते, कालवे, वाहिन्या अशा लांबट प्रकल्पांना त्यातून सवलत दिली. तुमच्यासमोर तेच पत्र धरलं जाईल. ते कालव्याचं आहे. बुडित क्षेत्राचं नाही. हे एवढं वाक्य त्या बैठकीत कुणीतरी ठणकावून म्हणायला हवं.

गाव ‘नाही’ म्हणू शकतं का? ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ साली बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं, आणि खाण झाली नाही. पण तिथं देवाचा डोंगर होता, एकजूट होती, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश होता. पाणी अडवायच्या प्रकल्पाला गावातल्याच खालच्या शेतांना पाणी हवं असतं. तुमच्याकडे एकमत होईल असं मला पत्रावरून तरी वाटत नाही. तेव्हा ठरावात ‘विरोध’ एवढाच शब्द लिहून थांबू नका. किती हेक्टर जातं, तिथं मोहाची झाडं किती, मागच्या तीन हंगामांत तेंदूचे किती पैसे ग्रामसभेच्या खात्यात आले, बांबू किती, डिंक किती, ते आकड्यांत लिहा. बँकेचं पासबुक जोडा. वन वळवताना प्रकल्पाकडून जंगलाची किंमत वसूल केली जाते, पण ती नुकसानभरपाई वनीकरणाच्या निधीत जाते, तुमच्या गावात येत नाही. गावाला काय मिळावं याचा ठरलेला दर कुठल्याही तक्त्यात नाही. म्हणून गावानेच तो मांडायचा: रोख, की दुसऱ्या जंगलावर हक्क, की नव्या तलावातली मासेमारी ढिवरांच्याच संस्थेला. शेवटचं मला सगळ्यात पटतं, कारण तो ठेका पुढे बाहेरचा माणूस उचलून नेतो. ही मागणी लेखी नसेल तर त्या ओळीवर शून्य लिहिलं जाईल.

मोजणीच्या दिवशी काकांना घरी ठेवू नका. रागावतील, बोलतील, चालेल. तुमच्या वडिलांनी जमिनीखालून पाइप कुठून कुठे नेला आहे, ते आता बहुधा त्यांनाच माहीत असेल.